खुबा, तेलाचा डबा आणि नवरात्रातला गरबा

मागच्या अंकात गुडघ्यावर लिहिलं, आणि त्यानंतर आलेली बरीचशी पत्रं निघाली खुब्याची. आपल्या बडोद्यात गुजराती शेजारी ज्याला ‘थापाचा गोळा’ म्हणतात, तोच हा सांधा: मांडीच्या हाडाचा गोळा कमरेच्या हाडातल्या खोबणीत बसतो तो. पाच पत्रं निवडली आहेत. त्याआधी एक गोष्ट सांगते, कारण माझ्याकडे फिजिओथेरपीला येणाऱ्या दर दोन-चार माणसांमागे एकाची इथे गफलत होते. ‘खुबा दुखतो’ म्हणत लोक कमरेच्या मागे किंवा कुल्ल्यावर हात ठेवतात. तिथलं दुखणं पुष्कळदा कमरेच्या मणक्यातून आलेलं असतं. खुब्याच्या सांध्याची झीज बहुधा पुढून, जांघेत दुखते, मांडीवरून खाली उतरते आणि कधीकधी नुसत्या गुडघ्यातच जाणवते. एक बाई दोन वर्षं गुडघ्याला मलम चोळत होत्या. त्यांना खुर्चीवर बसवून पाय आतल्या बाजूला फिरवायला सांगितला, तर तो फिरेचना. दोष गुडघ्यात नव्हताच. मोजा घालताना, पायाची नखं काढताना, मांडी घालून बसताना अडत असेल, तर खुबा तपासून घ्या.

वय ५८, उंची पाच फूट एक इंच, वजन ८२ किलो. डाव्या खुब्यात झीज आहे. डॉक्टर म्हणतात, आधी वजन कमी करा. चालायला गेलं की जांघेत कळ येते, न चालावं तर वजन वाढतं. घरात आम्ही तिघं, स्वयंपाक मीच करते. काय करू? आणि ते वजन कमी करायचं इंजेक्शन घ्यावं का? (एक गृहिणी, रावपुरा)

ताई, चालवत नाही म्हणून वजन वाढतं आणि वजन वाढलं म्हणून चालवत नाही, हे मी रोज ऐकते. यातून बाहेर पडायला दोन कामांची वाटणी करा. वजन उतरवायचं काम स्वयंपाकघराकडे द्या आणि खुबा सावरायचं काम व्यायामाकडे. तुमच्यासारख्या दुखऱ्या पायाने अर्धा तास चाललं तर शंभर-सव्वाशे कॅलरी खर्च होतात. घरी येऊन चहाबरोबर मूठभर शेव खाल्ली की तेवढ्या परत येतात. नुसतं चालून वजन उतरत नाही म्हणून निराश होऊन व्यायामच सोडून दिलेली माणसं मी पाहिली आहेत, म्हणून हे आधी सांगते.

आता मला सांगा, तुमच्याकडे सिंगतेलाचा, म्हणजे शेंगदाणा तेलाचा, पंधरा किलोचा डबा किती महिने पुरतो? मी दवाखान्यातही हेच विचारते, कारण ‘आम्ही तेल कमीच खातो’ असं सगळेच म्हणतात आणि डबा खरं बोलतो. तिघांच्या घरात तो चार महिन्यांत संपत असेल तर माणशी महिन्याला सव्वा किलो तेल झालं. म्हणजे रोज ४१ ग्रॅम, म्हणजे नुसत्या तेलातून ३७० कॅलरी. बाहेरचे गाठिये, रविवारचा फाफडा, शेव-उसळ यांत धरलेली नाही. तोच डबा आठ महिने पुरवलात तर रोज माणशी १८५ कॅलरी वाचतात. हिशेबाने महिन्याला पाऊण किलो वजन, प्रत्यक्षात त्याहून थोडं कमी. ताटातला एकही पदार्थ न वगळता एवढं होतं. डब्याच्या झाकणावर आजची तारीख मार्करने लिहा. फोडणी डब्यातून ओतून घालू नका. सकाळी दिवसभराचं तेल एका वाटीत काढून ठेवा आणि त्यातूनच वापरा. ही वाटीची युक्ती मला एका पेशंटच्या सासूने शिकवली.

त्याखालोखाल चहा. दिवसाचे तीन कप, प्रत्येकी दोन चमचे साखर, म्हणजे शंभराच्या वर कॅलरी. आणि श्रावणातले उपास: साबुदाणा, शेंगदाणे, बटाटा आणि तूप एकत्र आल्यावर त्याला उपास म्हणवत नाही. मी स्वतः सोमवारी दही, फळं आणि एक राजगिऱ्याची भाकरी एवढ्यावर राहते.

पण ताई, जेवण अर्धं करू नका. घाईने वजन उतरवलं की चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि खुब्याला तर त्याच स्नायूचा आधार आहे. आपल्या ताटात प्रथिनं मुळातच कमी. पातळ वरणाच्या एका वाटीत जेमतेम चार-पाच ग्रॅम मिळतात. वरण घट्ट करा, रोज मोडाची उसळ ठेवा, घरचं दही-ताक घ्या. चालत असेल तर एक-दोन अंडी, नाहीतर पनीर. पनीर भाजून खा, तळून नको. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर खाणं बदलण्याआधी डॉक्टरांना सांगा, साखर एकदम खाली जाऊ शकते.

आता खुब्याचं. एका पायावर उभं राहिलो की कंबर दुसऱ्या बाजूला कलू नये म्हणून कुल्ल्याच्या बाजूचा स्नायू ती ओढून धरतो. त्याला ताकद लावायला जागा अगदी थोडी मिळते, त्यामुळे शरीराच्या वजनाच्या दुपटीच्या आसपास जोर लावावा लागतो. हा जोर आणि वरचं वजन मिळून चालताना प्रत्येक पावलाला खुब्यावर वजनाच्या साधारण अडीच पट भार येतो. तुमचं चार किलो वजन उतरलं, म्हणजे जेमतेम पाच टक्के, की प्रत्येक पावलागणिक दहाएक किलोचा भार कमी. दहा टक्के उतरलं तर आणखी बरं. तरीही एक गोष्ट तुमच्यापासून लपवणार नाही. वजन उतरल्याने दुखणं कमी होतं याचा पुरावा गुडघ्याच्या बाबतीत भक्कम आहे, खुब्याच्या बाबतीत तितका नाही. म्हणून आठ किलो उतरेपर्यंत व्यायाम थांबवून ठेवू नका. व्यायाम आजपासून, वजन मागून येईल.

माझ्या आईला १९९८ साली असंच निदान झालं. एका दवाखान्यात तिला सांगितलं, पाय वापराल तेवढा झिजेल, बसून राहा. ती सांगितलेलं ऐकणारी बाई. दिवाळीपासून होळीपर्यंत पलंगावर बसून राहिली. होळीला उठवलं तेव्हा त्या बाजूची मांडी हाताला पिशवीसारखी लागली, वजन सहा किलो वाढलेलं, आणि मोरीपर्यंत जायलाही माझा खांदा लागायचा. मी फिजिओथेरपीच्या शेवटच्या वर्षाला होते. कूर्चेला, म्हणजे सांध्यात हाडांच्या टोकांवर असलेल्या गुळगुळीत आवरणाला, रक्तवाहिन्या नसतात, सांधा हलतो, दाबला जातो आणि सुटतो तेव्हाच सांध्यातल्या द्रवातून तिला पोषण मिळतं, हे मला परीक्षेपुरतं पाठ होतं. पण मोठ्या डॉक्टरांसमोर बोलायचा धीर झाला नाही. ते मला आजही सलतं. पुढे आईला परत चालती करायला वर्ष गेलं, आणि त्याची सुरुवात एका भिंतीपासून झाली.

ती भिंत तुमच्याकडेही आहे. पलंग भिंतीला सरकवा. उजव्या कुशीवर झोपा, पाठ, कुल्ले आणि डावी टाच भिंतीला टेकलेली, उजवा पाय गुडघ्यात वाकवलेला. आता डावा पाय सरळ ठेवून टाच भिंतीला घासत हळूहळू वर न्या, वीतभर, फार तर फूटभर. तीन आकडे मोजा, तितक्याच सावकाश खाली आणा. टाच भिंतीवरून सुटली की समजा पाय पुढे आला आणि भलताच स्नायू काम करू लागला. बिनाभिंतीने करणाऱ्या दहातल्या आठ जणी इथेच चुकतात. कुल्ल्याच्या बाजूला, पँटचा खिसा असतो तिथे, थकवा जाणवला की बरोबर चाललंय. आठ वेळा करा, दमलात तर पाच वेळा. दुसरा व्यायाम पाठीवर झोपून, गुडघे वाकवून कंबर उचलायचा. तिसरा खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि धपकन न पडता बसायचं. खुर्ची बुटकी असेल तर उशी ठेवा. आठवड्यातून तीन दिवस, एक दिवसाआड. फरक दिसायला आठ ते बारा आठवडे जातात. तिसऱ्या आठवड्यात ‘काही उपयोग नाही’ म्हणून सोडू नका.

दुखलं तर? शून्य ते दहा अशी मोजपट्टी धरा. चारपर्यंतचं दुखणं चालेल, पण दुसऱ्या दिवशी सकाळी ते पहिल्या जागेवर आलं पाहिजे. नाही आलं तर पुढच्या वेळी निम्मं करा, बंद करू नका. व्यायामात दुखलं म्हणजे झीज वाढली, असा अर्थ नाही.

चालणं कमाटीबागेत करा, तिथे बाकं आहेत. या बाकापासून त्या बाकापर्यंत चालायचं, कळ यायच्या आधी बसायचं, पुन्हा उठायचं. एकदम अर्धा तास नको, दहा मिनिटं तीनदा. पाण्याची भीती नसेल तर लालबागेतला पालिकेचा तरणतलाव आहे. पोहता येण्याची गरज नाही. छातीइतक्या पाण्यात उभं राहिलं की पायांवर शरीराचं तिसरा हिस्साच वजन येतं, तिथे नुसतं चाला.

इंजेक्शनचं थोडक्यात. सेमाग्लुटाइड या वजन उतरवणाऱ्या औषधाचा संधिवातातला मोठा अभ्यास २०२४ मध्ये आला, तो गुडघ्याच्या रुग्णांवर होता. त्यात वजन उतरलं आणि दुखणंही कमी झालं. तुम्हाला ते योग्य आहे का हे तुमच्या फिजिशियननी ठरवायचं, मैत्रिणीच्या सांगण्यावरून घेऊ नका. घेतलंत तर भिंतीचा व्यायाम आणि प्रथिनं यांत हयगय नको, कारण या औषधाने उतरणाऱ्या वजनात स्नायूचाही वाटा असतो.

वय ६७. तरुणपणी जुम्मादादा व्यायाम मंदिरात जात होतो. आजही रोज ५० बैठका मारतो. उजव्या खुब्यात झीज निघाली, खाली गेल्यावर जांघेत चिमटा बसतो. मुलगा म्हणतो, आता पुरे. (दांडिया बाजार)

काका, प्रो. माणिकरावांच्या परंपरेत अंग कमावलेल्या माणसाला ‘पुरे’ म्हणणं माझ्याने होणार नाही. तुमच्या मांड्यांनीच हा खुबा इतकी वर्षं सांभाळला असणार. बैठका सुरू ठेवा, खोली कमी करा. झिजलेल्या सांध्याच्या कडेला हाडाचा कंगोरा वाढतो. पाय पूर्ण दुमडला की तो खोबणीच्या कडेला आदळतो, तोच तुमचा चिमटा. मागे खुर्ची ठेवा, कुल्ले टेकले की लगेच उठा. पाय खांद्यापेक्षा थोडे रुंद, चवडे किंचित बाहेर वळवलेले. पन्नासाऐवजी दहा-दहाच्या तीन खेपा, पण खाली जाताना तीन आकडे मोजत. झटक्यात मारलेल्या पन्नासांपेक्षा या तीस जड जातील. सोप्या वाटायला लागल्या की हातात दोन पाण्याच्या बाटल्या धरा.

दंड चालू ठेवा. सूर्यनमस्कारात पाय पुढे घेताना अडत असेल तर हात जमिनीवर न टेकता खुर्चीवर टेका. एक गोष्ट मात्र नव्याने जोडा. रोज दहा मिनिटं पालथे झोपा, उशीशिवाय. खुबा पुढून आखडत जातो, माणूस वाकून चालायला लागतो आणि मग कंबरही धरते. तुम्ही सावकाश पालथे होऊन पेपर वाचलात तरी चालेल. मुलाला हे उत्तर दाखवा.

माझा मुलगा ३६ वर्षांचा. तीन महिन्यांपासून जांघेत दुखतं, लंगडतो. एक्स-रे साफ आहे. वजन जास्त आहे म्हणून जिम लावली, दुखणं वाढलं. (मांजलपूर)

ताई, जिम आज थांबवा आणि या आठवड्यात हाडांच्या डॉक्टरांकडे जा. या वयात झिजेचा विचार नंतर. खुब्याच्या गोळ्याचा रक्तपुरवठा तुटून हाड आतून मरायला लागतं, असा एक आजार तरुण पुरुषांत आपल्याकडे बराच दिसतो. सुरुवातीला तो एक्स-रेत दिसत नाही, एमआरआयमध्ये दिसतो. कधी कोणत्याही आजारासाठी स्टेरॉइड घेतली होती का, दारू किती, हे त्याला न रागावता विचारा आणि डॉक्टरांना खरं सांगू द्या. लवकर कळलं तर गोळा वाचवायचे उपाय असतात, बसका झाल्यावर ते फारसे उरत नाहीत. तोवर काठी घेऊन त्या पायावरचा भार कमी ठेवा.

वय ४७. दोन्ही खुब्यांत सुरुवातीची झीज. लहानपणापासून एक नवरात्र चुकवलेलं नाही. गरबा खेळू का? (अलकापुरी)

खेळा. मी बडोद्यात वाढले आहे, नवरात्रात मैदानाबाहेर उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. पण नऊ रात्री, चार-चार तास, आणि दोढिया या गरब्याच्या प्रकारातल्या गिरक्या, असं सगळं एकदम होणार नाही. खुब्याला टाळ्या आणि पावलं त्रास देत नाहीत. त्रास होतो तो पाय जमिनीत रोवलेला असताना वरचं अंग फिरवलं की. अनवाणी पाय मातीला धरून राहतो आणि पीळ सगळा खुब्यात उतरतो. गिरकी एका जागी घेऊ नका, तीन-चार छोट्या पावलांत फिरा. बे ताळी, त्रण ताळी (दोन आणि तीन टाळ्यांचा गरबा) संथ चालीत खेळा, लय चढली की वर्तुळातून बाहेर येऊन बसा. आतल्या वर्तुळात तरुण पोरं पळतात, तिथे धक्का लागला तर आपल्या हातात काही राहत नाही, बाहेरच्या वर्तुळात राहा.

अजून वेळ आहे. भिंतीचा व्यायाम वर दिलाय, तो आजपासून सुरू करा. नवरात्राआधीच्या पंधरवड्यात घरी गाणी लावून दहा मिनिटं खेळा, दर दोन-तीन दिवसांनी पाच मिनिटं वाढवा. नवरात्रात एक रात्र खेळायचं, एक रात्र बघायचं. अष्टमीला खेळायचंच असेल तर सप्तमी सोडा. सकाळी पाय पहिल्यासारखा असेल तरच पुढच्या खेळायच्या रात्रीचा बेत करा. आणि गरब्यानंतर रात्री एक वाजता शेव-उसळ, वडापाव, आइसक्रीम... तो हिशेब वरच्या ताईंच्या उत्तरात केलाच आहे.

पावागडला जायचं ठरवत असाल तर रोपवे घ्या. पुढेही पायऱ्या राहतातच, तेवढ्या पुष्कळ आहेत.

सासूबाई ७४ वर्षांच्या, उजवा खुबा पार झिजलाय. काठी उजव्या हातात धरतात, तरी दुखतं, म्हणून आता काठीच नको म्हणतात. गणपतीत खाली बसून पूजा करायचा हट्ट आहे. ऑपरेशनचं विचारलं तर एका ठिकाणी ‘आधी पंधरा किलो कमी करा’ म्हणाले. रात्री झोप नाही. (सून, वारसिया)

काठी चुकीच्या हातात आहे. दुखरा पाय उजवा, तर काठी डाव्या हातात. डावीकडून टेकलेली काठी कंबर वर उचलून धरते, उजव्या कुल्ल्याच्या स्नायूला तेवढा जोर कमी लावावा लागतो. उजव्या हातात धरली की त्या त्याच दुखऱ्या बाजूला झुकणार. काठी आणि उजवा पाय एकदम पुढे, मग डावा. उंचीही बघा. सासूबाईंना चप्पल घालून सरळ उभं करा, हात मोकळा सोडायला सांगा. मनगटाची घडी येते तिथे मूठ यायला हवी. बाजारातून आणलेली काठी बहुधा उंच असते आणि खांदा वर चढतो. खालचं रबर गुळगुळीत झालं असेल तर उद्याच बदला, बडोद्याच्या पावसात ओटीवर ते घसरतं. पायऱ्या चढताना डावा पाय आधी, उतरताना काठी आणि उजवा आधी.

पूजेला खाली बसवू नका. तुम्ही नका सांगू, मी सांगितलं म्हणून सांगा, सुनेचं ऐकवत नाही कधीकधी. गणपतीच टेबलावर बसवा, चांगला उंच, आणि त्यांच्यासाठी समोर हाताची खुर्ची ठेवा, बसल्यावर गुडघे कमरेपेक्षा खाली राहतील अशी. माझ्या आईने शेवटची अकरा वर्षं अशीच पूजा केली. दूर्वा निवडायचं, वाती वळायचं, मोदकांचं सारण बघायचं काम त्यांच्याकडेच असू द्या. रिक्षात बसताना आधी पाठ करून सीटवर टेकायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत घ्यायचे. कमोडवर उंच सीट बसवून घ्या.

ऑपरेशनबद्दल दुसरं मत घ्या. रात्रीची झोप उडवणारं दुखणं आणि पार झिजलेला सांधा असेल तर थांबून हाती काही लागत नाही. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २०२२ मध्ये संधिवाताची मार्गदर्शक तत्त्वं काढली. केवळ वजन जास्त किंवा वय जास्त म्हणून सांधा बदलायला पाठवण्याचं नाकारू नये, असं त्यांत स्पष्ट आहे. वजनाने भूल आणि जखम भरणं यांची जोखीम वाढते, तिचा विचार सर्जन करतीलच. पण नीट चालताही न येणाऱ्या चौऱ्याहत्तर वर्षांच्या बाईला पंधरा किलोची अट घालणं म्हणजे दार लावून घेणं आहे, आणि याचा मला राग येतो. जाताना जुने एक्स-रे, चालू गोळ्यांची यादी आणि साखरेचा ताजा रिपोर्ट बरोबर न्या. तारीख मिळेपर्यंत पलंगावर कंबर उचलायचा व्यायाम रोज करून घ्या, पाचपासून सुरू करा. ऑपरेशनच्या आधी कमावलेला स्नायू ऑपरेशननंतर पहिल्या दिवशी उभं राहताना कामाला येतो.

काठीच्या मापाचं काय झालं ते मला कळवा. नाही जमलं तर सासूबाईंना आणि काठीला घेऊन या, दहा मिनिटांचं काम आहे.